दंड फुगतो, भरत नाही

गेल्या महिन्यात छावणीच्या बैठकीत भांडण झालं. विषय निघाला जिमचा. आपला एक शिकलेला साथी म्हणाला, वस्तीतली पोरं अभ्यासिका सोडून आरशापुढं उभी राहतात, हजेरीचा पैसा पावडरीत घालतात, हे सगळं भांडवलशाहीचं खूळ आहे. मी म्हटलं, खूळ असेल, पण सगळ्या डब्यांना एकाच काठीनं हाकू नको. क्रिएटिनच्या डब्यात माल आहे. नायट्रिक ऑक्साइडच्या डब्यात बहुतेक हवा आहे. तर तो हसला. म्हणाला, तू कवी, तुला काय कळतं रसायनातलं? मी नुसता मॅट्रिक, हे त्याला म्हणायचं होतं, ते त्यानं गिळलं. म्हणून लिहितोय.

आधी जिमचं. आपल्या बापजाद्यांच्या शरीरावर गावानं हक्क सांगितला. ढोर ओढा, सरपण फोडा, सांगावा घेऊन पळा. आता हे शरीर आपल्या नावावर आहे. ते भक्कम करायला लाज कसली? पांढरपेशाचं पोरगं जिमला गेलं की तो फिटनेस, आणि आपलं गेलं की तो नाद, हा न्याय मला मान्य नाय.

आता डबे. १८३२ साली शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं मांसाच्या रश्श्यातून एक पदार्थ वेगळा काढला आणि ग्रीक भाषेतल्या मांसाच्या शब्दावरून त्याला क्रिएटिन हे नाव दिलं. पुढं १८४७ साली लीबिग या जर्मन शास्त्रज्ञानं सांगितलं की शिकारीत पळवून मारलेल्या रानकोल्ह्याच्या मांसात तो पाळीव कोल्ह्यापेक्षा कितीतरी जास्त सापडतो. म्हणजे पळणाऱ्या, राबणाऱ्या स्नायूशी याचं नातं आहे, एवढं तेव्हाच दिसलं होतं. (याच लीबिगच्या नावानं नंतर दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेमध्ये मांसाचा अर्क काढायची कंपनी निघाली. अशक्त माणसाला ताकद येते म्हणून अर्क खपवला. त्यात पोषण फारसं नव्हतं. तेव्हा डब्याचा धंदा काय आजचा नाय.)

गोण खांद्यावर घेताना पहिला झटका द्यावा लागतो. त्याची ताकद स्नायूतल्या एटीपीतून येते आणि तो साठा दोन-तीन सेकंदांत संपतो. तिथं फॉस्फेट चिकटलेलं क्रिएटिन तयार उभं असतं, ते एटीपी पुन्हा भरून देतं. एक टोळी दमली की बदली टोळी पुढं सरकते, तसं. ही मदत आठ-दहा सेकंदांची. पण वजन उचलणाऱ्याला तेवढ्यात एक-दोन वेळा जास्त उचलता येतं, आणि रोज ते जास्त उचलणंच काही आठवड्यांनी स्नायूत दिसतं. न उचलता नुसती पावडर फाकली तर काही होत नाय.

शरीर स्वतःही क्रिएटिन करतं, यकृतात आणि मूत्रपिंडात, दिवसाला साधारण एक ग्रॅम. बाकीचं मांस-मासळीतून येतं. किलोभर कच्च्या मांसात चार-पाच ग्रॅम. पावडर रोज तीन ते पाच ग्रॅम घेतली की तीन-चार आठवड्यांत स्नायू भरतात. पहिल्या आठवड्यात रोज वीस ग्रॅम घ्या म्हणतात, त्यानं फक्त घाई होते आणि डबा लवकर संपतो. सुरुवातीला वजन किलो-दीड किलो वाढतं ते स्नायूत शिरलेल्या पाण्याचं. साधी मोनोहायड्रेट घ्यावी. तिचा दिवसाचा खर्च कटिंग चहाच्या आसपास जातो, आणि महागड्या नावाचे जे प्रकार निघालेत ते तिच्यापेक्षा सरस ठरलेले नाहीत.

इथं एक गंमत आहे, जातीची. जो मांस खात नाही त्याच्या स्नायूत क्रिएटिन कमी असतं, म्हणून पावडरीचा गुण त्याला जास्त येतो. आणि पावडर मांसातून काढत नाहीत, कारखान्यात रसायनांपासून बनवतात. डब्यावर हिरवा ठिपका. आमच्या आज्ज्या दोरीवर चान्या वाळत घालायच्या तर गावाला वास यायचा. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, कारण तो लाचारीचा घास होता. लाचारी सोडली. मग विकत घेऊन, ताठ मानेनं खायची वेळ आली तर कायदा आला. गाय १९७६ च्या कायद्यानं गेली, बैल २०१५ साली गेला. गरिबाच्या ताटातलं स्वस्त मांस कमी केलं, आणि मांसाच्या नावाची पांढरी पावडर शोकेसमध्ये पवित्र होऊन बसली.

दुसरा डबा. नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे, तो डब्यात भरता येत नाय. शरीर तो स्वतः बनवतं, त्यानं रक्तवाहिन्या सैल पडतात. हे शोधलं म्हणून १९९८ साली फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना नोबेल मिळालं. आणि नोबेलचा पैसा कुठला? डायनामाइटचा, म्हणजे नायट्रोग्लिसरिनचा. त्या कारखान्यांतल्या कामगारांचं डोकं सोमवारी ठणकायचं, रविवारच्या सुट्टीत शरीराची सवय मोडायची म्हणून. छातीत कळ येणाऱ्यांना मात्र कामावर असताना बरं वाटायचं. नायट्रोग्लिसरिनमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतो हे मुरादनं १९७७ साली दाखवलं. कामगारांच्या छातीला ते कधीच कळलं होतं, पण छातीला नोबेल देत नाहीत.

डब्यात असतं आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल. शरीर त्याच्यापासून वायू बनवतं हे खरं, पण तोंडानं घेतलेलं बरंचसं आर्जिनिन आतड्यात आणि यकृतातच मोडून जातं. सिट्रुलिन त्यापेक्षा बरं पोचतं. बीट आणि पालेभाजीतल्या नायट्रेटपासूनही हा वायू होतो, बीटच्या रसानं दमसास थोडा वाढतो असं दिसलं आहे. आणि आर्जिनिनच पाहिजे तर शेंगदाण्यात भरपूर आहे. पण स्नायू वाढतो याला भक्कम पुरावा नाय. होतं काय, तर रक्त धावून दंड टम्म फुगतो, शिरा वर येतात, आरसा खूश. तास-दोन तासांनी सगळं जाग्यावर.

आमच्या गल्लीतल्या पोरानं हाच डबा घेतला होता. त्यात वर कॅफिन मिसळलेलं. मे महिन्यात दोन चमचे पाण्यात ढवळून तो पाळीवर आला आणि तासाभरात चक्कर येऊन बसला, छाती धडधडतेय म्हणाला. आम्ही सावलीत नेऊन झोपवला. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असणाऱ्यानं तर या डब्याला हातच लावू नये. क्रिएटिनचंही सांगतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर घेऊ नये, आणि रक्त तपासताना डॉक्टरला आधी सांगावं, कारण क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दिसतो आणि उगाच घाबरवतात.

स्नायू बांधायचा तर रोज वजनाच्या किलोमागं दीड ग्रॅमच्या वर प्रोटीन लागतं. साठ किलोच्या पोराला नव्वद-शंभर ग्रॅम. एका अंड्यात सहा. सुकट, बोंबील, डाळ, चणे, बडा, जे मिळेल ते जोडून हिशेब जुळवावा लागतो. तो जुळल्यावर क्रिएटिनचा विचार करा.

त्या पोराला मी विचारलं, डब्याला पैसे आणलेस कुठून? म्हणाला, चार रात्री जादा पाळी केली. आणि झोपलास कधी? तर म्हणाला, झोप कुठली, सकाळी जिम होती ना.