सध्या काय वाचतेस?

परवा सोलापूरहून कुर्डुवाडीला येताना गाडीत खिडकी मिळाली, म्हणून पिशवीतून लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' काढलं. समोरच्या बाईंनी थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, ''ताई, कसली परीक्षा देताय का?'' मी म्हटलं, ''नाही हो, असंच वाचतेय.'' त्यांना ते काही पटलं नाही. ''असंच?'' म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

तो 'असंच?' माझ्या डोक्यातून जाईना. मुलांनी वाचलं तर अभ्यास, पुरुषांनी पेपर वाचला तर जगाची माहिती. बाईनं पुस्तक उघडलं की मात्र काहीतरी कारण लागतं.

मैत्रिणींनो, या बातम्या आठवून बघा. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपल्याकडेही पेढे वाटले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत ९८ वं साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष होत्या सांगलीच्या ताराबाई भवाळकर. संमेलन सुरू झालं १८७८ साली, आणि इतक्या वर्षांत ताराबाई फक्त सहाव्या महिला अध्यक्ष! मे २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकातल्या बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. घरातल्या, मोहल्ल्यातल्या बायकांच्या कथा जगभर पोचल्या.

अभिमान वाटतोच. पण यातलं आपल्या उशाशी किती आलं? दर्जा दिल्लीत मिळतो, पुरस्कार लंडनमध्ये मिळतो, पण भाषा टिकते ती रात्री ओटा आवरल्यावर कुणी चार पानं वाचतं म्हणून.

आता वाचनालयाचं बघा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. त्यानुसार मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. म्हणजे तिथल्या पुस्तकांत आपल्याही कराचे पैसे आहेत. पण लहान गावांत वाचनालय बऱ्याचदा सकाळी नाहीतर संध्याकाळी उघडं असतं. नेमकी डब्याची आणि स्वयंपाकाची वेळ! दुपारी दोन ते चार, जेव्हा आपल्याला जरा उसंत असते, तेव्हा दाराला कुलूप. मग 'बायका येतच नाहीत' असं म्हणायला सगळे मोकळे. मी स्वतः कितीतरी वर्षं ह्यांच्या नावावरच्या कार्डावर पुस्तकं आणली. माझं स्वतःचं कार्ड असू शकतं, हे सुचलंसुद्धा नव्हतं!

अशा वेळी मला फलटणच्या बेबीताई कांबळे आठवतात. छोटं दुकान चालवायच्या. सामान बांधायला आलेल्या रद्दीचे कागद वाचायच्या आणि वहीत लिहायच्या, तेही घरच्यांपासून लपवून. कितीतरी वर्षं त्या वह्या दडवलेल्या होत्या. त्यातूनच 'जिणं आमुचं' आलं. ते वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून ठेवलं, पुढे वाचवेना. आणि दोन्ही वेळा पुन्हा उघडलं. समीक्षा वगैरे मला येत नाही, पण हे सांगता येतं.

आणि एवढंच पुरतं, असं मला वाटायला लागलंय. आमच्या भिशीत आम्ही हल्ली चहाआधी पाच मिनिटं फक्त एवढंच विचारतो, ''सध्या काय वाचतेस?'' पहिल्यांदा सगळ्या गप्प. मग एकीनं कबूल केलं, ''सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' अर्धंच झालंय, पण भाकरी थापताना सारखं आठवतं.'' दुसरी म्हणाली, ''मला तर रहस्यकथाच आवडतात,'' आणि लाजली. अगं, लाजायचं काय त्यात! तिसरीच्या सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, ''मला वाचता येत नाही बाई, पण ओव्या येतात,'' आणि पंढरीच्या चार ओव्या म्हणून दाखवल्या. सगळ्या चहा विसरल्या.

ताराबाईंनी आयुष्यभर हेच तर सांगितलंय, की जात्यावर बसलेली बाई निरक्षर असेल, पण अडाणी नव्हती. दळता दळता ती मनातलं शेजारणीला सांगत होती. जातं गेलं, तसं ते सांगणंही गेलं. त्या जागी टीव्हीवरच्या मालिका आल्या आणि आता मोबाइलवरचे पुढे ढकललेले निरोप. आपण दुसऱ्यांचं बोलणं पुढे पाठवतो, आपलं स्वतःचं मत मात्र कुणी विचारत नाही.

पुस्तकावर दोन वाक्यं बोलायची म्हटलं तरी 'मला असं वाटलं' म्हणावं लागतं. घरात हे म्हणायची सवय आपल्यापैकी किती जणींना आहे? पुस्तकापासून सुरुवात केली, तर उद्या मुलीच्या शिक्षणाबद्दल, जमिनीच्या कागदावरच्या सहीबद्दलही 'मला असं वाटतं' म्हणायला जीभ अडणार नाही.

तेव्हा एवढं करूया. वाचनालयाचं कार्ड स्वतःच्या नावावर काढूया. पाच-दहा जणी मिळून दुपारची वेळ मागूया, लेखी अर्ज देऊन. आणि भेटली की मैत्रिणीला 'आज भाजी काय?' विचारतो, तसंच 'सध्या काय वाचतेस?' हेही विचारूया.

त्या गाडीतल्या बाई उतरताना म्हणाल्या, ''काय नाव म्हणालात पुस्तकाचं?'' मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा तोंडातल्या तोंडात म्हटलं.

मग, तुम्ही सध्या काय वाचताय?