जास्तीचा एक शब्द

सर्चच्या चौकटीत तुम्ही शेवटचं काय लिहिलंत, आठवतंय? 'ब्लाऊज डिझाइन' एवढंच, की 'जाड दंडासाठी ब्लाऊज डिझाइन'? 'हॉलची सजावट', की 'छोट्या हॉलची स्वस्तात सजावट'?

दोन शब्दांत ज्याचं काम होतं, त्याला डोळ्यांसमोर ठेवूनच ते ॲप बनलेलं असतं. ज्याला तिसरा-चौथा शब्द जोडावा लागतो, त्याचा विचार अजून पुरता झालेला नसतो. म्हणून हा जास्तीचा शब्द म्हणजे एक तक्रारच असते. आपण ती कुणाकडे नोंदवत नाही, मुकाट्याने टाईप करतो आणि पुढे जातो. या शब्दाचं पुढे काय होतं, ते आज पाहू. ॲपमध्ये नवी सोय येते ती नेमकी कुठून येते, आणि त्यात तुमचा-माझा वाटा काय?

उदाहरण घेऊ पिंटरेस्टचं. ज्यांनी हे ॲप वापरलं नसेल, त्यांनी आजीची जुनी वही आठवावी. मासिकांतली विणकामाची, रांगोळीची, पाककृतींची कात्रणं चिकटवलेली असायची ना, तीच गोष्ट आता फोनवर. चित्र आवडलं की सेव्ह करायचं आणि आपल्या बोर्डावर लावायचं. कुणाचा बोर्ड मोदकांचा, कुणाचा बाळाच्या खोलीचा, कुणाचा पैठणीच्या काठांचा.

दुकान काढलं, निघाली वही

गंमत अशी की सुरुवात वहीपासून झालीच नव्हती. बेन सिल्बरमन आणि पॉल शियारा यांनी आधी 'टोट' नावाचं खरेदीचं ॲप काढलं होतं. फोनवर दुकानांचे कॅटलॉग बघा आणि विकत घ्या, अशी कल्पना. लोक बघत होते, पण घेत नव्हते. आवडलेल्या वस्तूंची चित्रं मात्र जमवून ठेवत होते. दुसरा कुणी असता तर 'गिऱ्हाईक चुकीचं मिळालं' म्हणून कपाळावर हात मारला असता. यांनी लोक जे करत होते, तेच मुख्य काम मानलं. इव्हान शार्प यांना सोबत घेतलं आणि मार्च २०१० मध्ये पिंटरेस्ट सुरू झालं. सुरुवातीची वाढ अगदी संथ होती. सिल्बरमन यांनी पहिल्या काही हजार वापरकर्त्यांना स्वतः लिहिलं, काहींना आपला मोबाइल नंबरही दिला.

संशोधन म्हटलं की आपल्याला पांढरा कोट आणि प्रयोगशाळा दिसते. इथे संशोधन म्हणजे माणूस काय बोलतो यापेक्षा तो काय करतो, हे धीराने बघत बसणं.

त्यातून निघालेल्या सोयी बघा. आधी बोर्ड सगळ्यांना दिसत. मग बायकोच्या वाढदिवसाची गुपचूप तयारी करणाऱ्याने काय करायचं? ज्या मुलीने अजून घरी लग्नाचं काही सांगितलेलं नाही, तिने शालूची चित्रं कुठे ठेवायची? नोव्हेंबर २०१२ मध्ये गुप्त बोर्ड आले, तेही आधी चाचणी म्हणून प्रत्येकाला तीनच. २०१६ मध्ये 'पिन इट' हे बटण जाऊन 'सेव्ह' आलं. टाचणीची कल्पना सगळ्या देशांत चटकन कळत नव्हती; 'सेव्ह' कळत होतं. एक शब्द बदलला, पण तो बदलण्याआधी कुणाला काय समजतं हे तपासावं लागलं.

चेहरा कुणाचा गृहीत धरला?

आता मूळ मुद्दा. मेकअपची चित्रं शोधली की समोर बहुतेक गोरे चेहरे यायचे. सावळ्या मुलीला 'लिपस्टिक' एवढं लिहून चालत नसे. 'सावळ्या रंगासाठी' हे शब्द जोडावे लागत. हजारो मुली तेच शब्द पुन्हा पुन्हा जोडत होत्या. २०१८ मध्ये पिंटरेस्टने त्वचेच्या रंगछटांची सोय आणली. शोधाखाली रंगांचे चार गट दिसतात. आपल्याजवळचा निवडला की त्या छटेचे चेहरे समोर येतात. २०२१ मध्ये केसांच्या प्रकारांची सोय आली: सरळ, लाटदार, कुरळे, अगदी घट्ट कुरळे, वेण्यांसारख्या रचनांत बांधलेले, आणि मुंडण किंवा टक्कलसुद्धा. २०२३ मध्ये शरीरयष्टीची भर पडली.

ऐकायला सोपं वाटतं, करायला नाही. कॉम्प्युटरला आधी असंख्य चित्रं दाखवून शिकवावं लागतं. शिकवणीतच उजळ चेहरे जास्त असतील, तर तो गडद चेहऱ्यावर, मंद उजेडात, हमखास अडखळतो. म्हणून 'एकूण शंभरातली इतकी उत्तरं बरोबर' एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. प्रत्येक गटाचा निकाल वेगळा तपासावा लागतो. वर्गाची सरासरी चांगली असली तरी शेवटच्या बाकावरचा एकच मुलगा सारखा नापास होतोय का, हे बघावंच लागतं, तसंच हे. आणखी एक नाजूक गोष्ट: तुमचा रंग कोणता, याचा अंदाज ॲपने बांधायचा नाही, निवड तुम्ही करायची. मदत करणं आणि परस्पर ठरवून टाकणं यातला फरक इथेच आहे.

हा प्रश्न फक्त फोनचा नाही. मी राहते त्या चंडीमंदिरपासून चंडीगड हाकेच्या अंतरावर आहे. ते शहर आखणाऱ्या ल कॉर्ब्युझिए यांनी मापांची एक पद्धत तयार केली होती, 'मॉड्युलर' नावाची. तिच्या मुळाशी एक माणूस होता. त्याची उंची आधी १.७५ मीटर होती, मग सहा फूट, म्हणजे सुमारे १.८३ मीटर केली. कारण काय, तर इंग्रजी रहस्यकथांतले देखणे पोलीस नेहमी सहा फुटी असतात! हिशोबाला सोयीचं झालं, पण त्या पट्टीत पाच फुटांची बाई कुठे? लहान मूल, काठी टेकत चालणारे आजोबा कुठे? काही बनवताना आधी कुणाला तरी गृहीत धरलं जातंच. ते कुणाला धरलं, हे तपासून बघणं म्हणजे निम्मं संशोधन.

चंडीमंदिरमधला आमचा कागदी प्रयोग

चंडीमंदिर ही लष्करी छावणी, पश्चिम कमांडचं मुख्यालय. इथे बरीच मराठी कुटुंबं आहेत. सरकारी क्वार्टर, नंबर घातलेलं सरकारी फर्निचर आणि दोन-तीन वर्षांनी नवं पोस्टिंग. घर सोडताना तपासणी होते, भिंतीला भोक दिसलं तर भरपाई. अशा घरात बसून फोनवर संगमरवरी देवघर आणि झोपाळ्याची बाल्कनी बघितली की काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून आम्ही काही शेजारणींनी एक साधी गोष्ट केली. पंधरा दिवस, सजावटीचं किंवा घराचं काही शोधलं की ते शब्द कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहायचे, आणि शेवटी प्रत्यक्षात काय केलं तेही. छावणीत फोटो काढण्यावर बंधनं असतात, त्यामुळे जे दाखवायचं ते पेनाने रेखाटून.

जास्तीचे शब्द आले ते असे: 'खिळा न मारता'. 'भाड्याच्या घरात'. 'आहे त्या सामानात'. 'एका दिवसात'. आणि प्रत्यक्ष केलं ते तर बघण्यासारखं होतं. गणपतीसाठी सेव्ह केला होता ऑर्किडच्या फुलांचा पडदा. उभं राहिलं ते मच्छरदाणीच्या काठ्या बांधून, वर आईची जुनी नारायणपेठ सोडलेलं मखर. सेव्ह केला होता लाकडी कोरीव दिवाण. झाला तो दोन काळ्या ट्रंका शेजारी-शेजारी ठेवून वर गोधडी अंथरलेला. सेव्ह केलेलं आणि केलेलं यात इतकं अंतर असताना, ॲप मात्र सेव्ह केलेल्यावरूनच पुढची चित्रं दाखवत राहतं.

मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या एका वहिनींचा बोर्ड तर वेगळाच निघाला. त्यात तुळशीवृंदावन, पाटा-वरवंटा मांडलेली पडवी, लाल कौलं. मी म्हटलं, "वहिनी, हे इथे कुठे करणार?"

"इथे नाहीच करायचं," त्या म्हणाल्या. "ह्यांची पेन्शन बसली की गावी बांधायचंय. तोवर ते घर मोडायला नको, म्हणून ठेवलंय इथं."

त्यांच्या लेखी ती चित्रं म्हणजे जपून ठेवलेलं घर. ॲपला मात्र तो बोर्ड 'कौलं विकत घेणारं गिऱ्हाईक' वाटतो, आणि ते रोज नवी कौलं पुढे करतं.

यातून एक सोय सुचली. ती कागदावर आखली. चित्र सेव्ह करताना एकच प्रश्न: 'आत्ता' की 'पुढे कधीतरी'? 'पुढे'चं चित्र शांत राहील, त्यावरून जाहिरात नाही, सुचवणी नाही. 'आत्ता' म्हटलं तर तीन खुणा: खिळा लागेल का, ट्रंकेत मावेल का, इथे मिळेल का?

ती आखणी पाच जणांपुढे ठेवली. पाचच का? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिलं होतं की एका फेरीला पाच माणसं पुरतात. बहुतेक अडचणी तेवढ्यात दिसतात, मग सुधारून पुन्हा पाच जणांना दाखवावं. कागदावर बोटाने बटण दाबायला सांगायचं आणि आपण गप्प राहायचं. सगळ्यात अवघड भाग तोच, गप्प राहणं.

'खिळा' कुणालाही समजवावा लागला नाही. एका आजोबांनी 'पुढे कधीतरी' वाचून "माझ्या वयाला हे बटण काय कामाचं?" असं हसत विचारलं, आणि नंतर तेच दाबलं; नातवाच्या मुंजीसाठी. बारावीतल्या मुलीने कागद उलटसुलट करून म्हटलं, "काकू, किती पैसे लागतील ते कुठेय?" चौथी खूण तिने स्वतःच्या पेनाने काढली. आता ती चारही खुणांत पहिली आहे.

हा आमचा कागदच आहे, कुठल्या ॲपमध्ये आलेला नाही. पण एवढं करून एक बदल लगेच झाला. सुंदर चित्र बघून 'आपल्याकडे काहीच नाही' असं वाटायचं, त्याऐवजी 'हे आपल्या घरासाठी काढलेलंच नाही' एवढं स्पष्ट दिसू लागलं. कमीपणा घराचा नव्हता.

तुम्हीही करून बघा

• आठवडाभर आपले शोध कागदावर लिहा. जास्तीच्या शब्दाखाली रेघ मारा. घरातल्या आजीचे आणि शाळकरी मुलांचेही शब्द घ्या. बोलून शोधत असतील तर ते बोललेले शब्द.

• जुने सेव्ह केलेले फोटो उघडा. त्यातलं प्रत्यक्षात काय केलं आणि कशाने केलं, ते शेजारी लिहा.

• कुणाला विचारताना 'तुला काय हवंय?' असं विचारू नका. उत्तर बहुधा 'काहीही चालेल' असंच येतं. 'मागच्या वेळी काय केलंस?' असं विचारा.

• ॲपच्या मदत विभागात किंवा प्ले स्टोअरच्या अभिप्रायात तो शब्द मराठीत लिहा. नुसतं 'ॲप चांगलं नाही' लिहिलं तर त्यातून कुणालाच काही करता येत नाही. 'भाड्याच्या घरासाठी वेगळं दाखवा' हे वाचून मात्र कुणीतरी कागद-पेन्सिल घेऊ शकतं.

तुमचा जास्तीचा शब्द कोणता निघाला, आम्हालाही जरूर कळवा. आणि वहिनींसारखा एखादा जपून ठेवलेला बोर्ड तुमच्याकडे असेल, तर तो मात्र दाखवला नाहीत तरी चालेल.