परतावा म्हणजे भरपाई नव्हे

काकडी येथील शिर्डी विमानतळाचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी झाले, आणि राजूरसारख्या डोंगरातल्या गावचा शिक्षक किंवा मुलाखतीस निघालेला तरुणही अकोले-संगमनेरमार्गे विमान गाठू लागला. विमान असे आवाक्यात आले. विमान कंपनी मात्र अद्याप आवाक्याबाहेरच आहे.

धुके, पूर, दंगल यांपुढे कोणाचे चालत नाही. अशा वेळी पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पैसे मिळावेत, भरपाई मिळू नये, हे न्याय्यच म्हणावे लागेल. परंतु डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगो कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, ती काही धुक्यामुळे नव्हेत. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्णतः लागू होणार, हे कंपनीस बरेच आधी ठाऊक होते. तरतूद मात्र झाली नाही. पुढे कंपनीने तिकिटांचे पैसे परत केले व फार त्रास झालेल्या प्रवाशांस दहा हजारांची कूपने जाहीर केली. ती खर्चावयाची त्याच कंपनीच्या तिकिटांवर! हुकलेल्या मुलाखतीचे मोल अशा कूपनात कसे मोजावयाचे?

नियमानुसार पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केल्यास परताव्याखेरीज भरपाईही द्यावी लागते, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम सांगतो. एक तासापर्यंतच्या उड्डाणास ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्यापुढे १०,००० रुपये. अथवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांतील जी रक्कम कमी असेल ती. ‘कमी असेल ती’ या तीन शब्दांनीच स्वस्त तिकीटवाल्याचा घास हिरावला जातो. त्यावर ‘असाधारण परिस्थिती’चा अपवाद आहे, आणि परिस्थिती असाधारण होती की नाही, हे प्रथम ठरविते कोण, तर कंपनीच. आरोपीनेच निकालपत्र लिहावे, तसा हा प्रकार होय.

येथे सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा एक निर्णय मार्गदर्शक ठरावा. गाडी चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले होते. विलंबाचे कारण आपल्या हाताबाहेरचे होते, हे रेल्वेने सिद्ध केले पाहिजे, असे सांगून न्यायालयाने भरपाई कायम केली. रेल्वेस जो न्याय, तोच विमान कंपनीस का नसावा? उड्डाण रद्द होताच त्याचे कारण प्रत्येक प्रवाशास लेखी देण्याची सक्ती सरकारने करावयास हवी.

तोवर प्रवाशाने ते मागून घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. राजूरच्या रहिवाशाला त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठावयाची गरज नाही. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. तिकीट बाजारातील दलालाकडून काढले असल्यास त्यावर दलालाचा नव्हे, तर स्वतःचाच दूरध्वनी क्रमांक आहे ना, हे अवश्य पाहावे; संपर्काचा पुरेसा तपशील न देणाऱ्यास ही भरपाई नाही, असेही त्याच नियमांत म्हटले आहे.