कपात, राजीनामा आणि कामगाराचा हक्क

कारखाना बंद करावयाचा असो की संगणक कंपनीतील एखादा विभाग मोडावयाचा असो, मालकवर्ग हल्ली ‘कपात’ हा शब्द शक्यतो उच्चारीत नाही. कुठे ‘पुनर्रचना’ होते, कुठे कराराची मुदत संपते, तर कुठे कर्मचारी ‘स्वखुशीने’ राजीनामे देतात. हा केवळ भाषेच्या सौम्यपणाचा प्रश्न नाही. नोकरी जाताना कामगाराला मिळणारे बहुतेक कायदेशीर हक्क या एकाच शब्दाला बांधलेले आहेत. कागदावरून तो शब्द गेला की हक्कही जातात.

ही युक्ती जुनी आहे. औद्योगिक कलह कायद्यात कपातीच्या भरपाईची तरतूद १९५३ साली झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस बार्शी लाइट रेल्वे कंपनीने आपल्या कामगारांची नोकरी संपुष्टात आणली. कारण १ जानेवारी १९५४ पासून ती रेल्वे सरकारच्या मालकीची व्हावयाची होती. भरपाईचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, चालू उद्योगातील जादा कामगार कमी करणे म्हणजे कपात. उद्योगच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला तर ती कपात नव्हे. म्हणजे दहाजणांना काढले तर भरपाई द्यावयाची, सर्वांनाच काढले तर काहीच नाही! ही विसंगती इतकी उघड होती की, १९५७ मध्ये कायदा दुरुस्त करून बंदी व हस्तांतर या दोन्ही प्रसंगी भरपाईची तरतूद करणे सरकारला भाग पडले. शब्दाच्या अर्थात हरलेली लढाई कायदेमंडळात जिंकता येते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

आज हा जुना कायदा राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आहे. तीतही काही मूलभूत हक्क कायम आहेत. एक वर्ष अखंड सेवा झालेल्या कामगाराला कमी करावयाचे तर एक महिन्याची लेखी, सकारण नोटीस किंवा तेवढा पगार दिला पाहिजे. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून, तोही कामावरून कमी करतानाच, दिला पाहिजे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील कामगारांच्या प्रकरणात ही रक्कम आधी न देता केलेली कपात सर्वोच्च न्यायालयाने १९६० सालीच बेकायदा ठरविली होती. त्या त्या वर्गातील शेवटी लागलेला सामान्यतः आधी जावा, हा नियमही कायम आहे. पुन्हा भरती झाली तर काढलेल्यांना प्राधान्य आहे. परंतु पूर्वी मुदतीचे बंधन नसलेला हा हक्क आता एका वर्षापुरता उरला आहे.

खरी काटछाट झाली आहे ती सरकारी परवानगीच्या अटीत. मोठ्या कारखान्यांना कपातीपूर्वी सरकारची परवानगी घ्यावयास लावणारे प्रकरण १९७६ साली कायद्यात आले. आणीबाणीत कामगारांचे अनेक पुढारी तुरुंगात असताना ते यावे, हा इतिहासाचा एक विरोधाभासच होय. तेव्हा मर्यादा ३०० कामगारांची होती. १९८२ च्या दुरुस्तीने ती १०० वर आणली. संहितेने ती पुन्हा ३०० वर नेली असून, नुसत्या अधिसूचनेने आणखी वाढविण्याची सोय सरकारसाठी ठेवली आहे. शिवाय ही अट फक्त कारखाने, खाणी व मळे यांनाच लागू आहे. हिंजवडीच्या संगणक कंपनीत हजारो माणसे असली तरी तिला अशी परवानगी लागत नाही.

परवानगीची अट उद्योगाच्या वाढीला मारक आहे, असे माझ्या विषयातील अनेक विद्वान म्हणतात. मागणी घटते, तंत्र बदलते, तेव्हा कामगारसंख्या बदलावी लागते, हे मलाही मान्य आहे. प्रश्न असा की, या बदलाचा खर्च कोणी सोसावयाचा? यंत्र झिजते म्हणून मालक दरवर्षी नफ्यातून घसारा वजा करतो आणि त्यावर करात सवलतही घेतो. वीस वर्षे झिजलेल्या माणसाच्या वाट्याला भरपाई येते ती सुमारे दहा महिन्यांच्या पगाराइतकी. पंधरा दिवसांचा हा दर १९५३ पासून तसाच आहे. संहितेने पुनर्कौशल्य निधीतून आणखी पंधरा दिवसांचे वेतन देऊ केले आहे. पण ते दर वर्षाच्या सेवेला नव्हे, एकदाच. भांडवल एका रात्रीत बार्शीहून बंगलोरला जाऊ शकते. मुलांच्या शाळा आणि घराचे हप्ते मागे ठेवून माणूस तसा जाऊ शकत नाही.

आणि एवढी तुटपुंजी भरपाईही टाळण्यासाठी शब्द बदलला जातो. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीची मुदत संपणे ही कपात नव्हे, असे संहिताच सांगते. म्हणून कायम स्वरूपाच्या कामावरही मुदतीची माणसे नेमण्याचा मोह वाढणार. कर्मचाऱ्याच्या नावापुढे ‘व्यवस्थापक’ लिहून तो कामगारच नव्हे, असे भासविले जाते. वास्तविक पाहावयाचे ते हुद्द्याचे नाव नव्हे, प्रत्यक्ष कामाचे स्वरूप. तिसरा मार्ग राजीनाम्याचा. बंद खोलीत बोलावून, अनुभवाचे प्रमाणपत्र बिघडविण्याचा धाक घालून सही घेतली जाते. ती सही दडपणाखाली दिली, हे सिद्ध करण्याचा भार मग कर्मचाऱ्यावरच पडतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी निकालानंतरच्या मोर्चाची वाट न पाहता आधीच कामाला लागावे. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि हजेरीचा पुरावा प्रत्येकाने घरी जपून ठेवावा, हे सभासदांना सांगावे. मागितलेला राजीनामा त्याच दिवशी देऊ नये. काढावयाचे असेल तर लेखी आदेश द्या, असे म्हणावे. दडपण आले तर त्याची तक्रार तत्काळ लेखी करावी. संगणक क्षेत्रातील तरुणांना संघटना परकी वाटते; त्यांच्याकडे आपणच गेले पाहिजे. आणि विधिमंडळात व संसदेत मागणी करावी की, भरपाईचा दर वाढवावा आणि सक्तीचा राजीनामा हीही कपातच मानावी. दर वाढविण्याचा अधिकार संहितेने सरकारला दिलेलाच आहे. तो वापरण्याची इच्छा तेवढी नाही. ती इच्छा निर्माण करणे हेच आपले काम आहे.