कॉमिकला दहापैकी किती?



आमच्या नात्यातल्या तरुण मंडळींत सध्या एक वेड शिरलंय. तसं वेड जुनंच, फक्त हिशेब नवा आहे. जुनी कॉमिक्स शोधायची, त्यांना दहापैकी गुण द्यायचे आणि त्या गुणांवर अदलाबदल नाहीतर खरेदी-विक्री करायची. पुण्याचा माझा भाचा यात चांगलाच मुरला आहे. दिवाळीत आला तेव्हा माझ्या ट्रंकेतला इंद्रजालचा एक अंक हातात घेऊन, उलटासुलटा करून म्हणाला, "मामा, हा फार तर अडीचचा आहे. कव्हरवर शाईनं नाव लिहिलंय, पिना गंजल्यात, कोपरे गेलेत."

आता चौतीस वर्षं ज्यानं उत्तरपत्रिका तपासल्या, त्याच्या पुढ्यात कुणी अडीच गुण देऊन गेलं तर तो गप्प बसेल का? मी बसणार नाही. त्याचा राग आला म्हणून नव्हे, विषय गमतीचा आहे आणि थोडा गंभीरही आहे म्हणून.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी, म्हणजे बेनेट कोलमन कंपनीनं, मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिले ३२ अंक निव्वळ वेताळाचे. इंग्रजीतला फँटम तो आपला वेताळ. मग मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, रिप कर्बी आला. वेताळ आणि मँड्रेक हे दोघेही ली फॉक या अमेरिकन लेखकाचे मानसपुत्र; मँड्रेक १९३४ चा, वेताळ १९३६ चा. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी 'बहादूर' लिहिला, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. डाकूंशी लढणारा हा आपल्या मातीतला नायक. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक, असं करत १९९० मध्ये मालिका बंद झाली तेव्हा अंकांचा आकडा ८०३ वर गेला होता. त्याच टाइम्समध्ये काम केलेल्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्रकथा उभी केली. ती मात्र पुन्हा पुन्हा छापली गेली, म्हणून तिची तशी चिंता नाही. चिंता आहे ती इंद्रजालच्या मराठी अंकांची.

मी तेव्हा चौदा वर्षांचा. चांद्यात (आम्ही अजूनही चांदाच म्हणतो) अंक येई तो रेल्वेनं. वर्गात पन्नास पोरं आणि अंक दोन किंवा तीन. म्हणजे अदलाबदल आपोआप आली. आणि अदलाबदल आली की प्रतवारी आलीच! आमचे नियम पक्के होते. वेताळाच्या एका अंकाला दुसरे दोन. कव्हर नसलं तर अंक अर्ध्या किमतीचा. पण शेवटचं पान नसेल तर तो अंक फुकटसुद्धा कुणी घेत नसे, कारण खलनायक सापडला की नाही हे कळायला मार्ग नाही. पान फाटलेलं असलं तरी चालेल, मजकूर शाबूत पाहिजे. अमेरिकेत ओव्हरस्ट्रीट नावाची कॉमिक्सच्या किमतींची मार्गदर्शिका निघाली १९७० मध्ये. आमची त्याच्या आधीची, फक्त ती छापली नव्हती एवढंच.

आता तिकडची पद्धत बघा. २००० साली अमेरिकेत सीजीसी नावाची कंपनी निघाली. तिच्याकडे कॉमिक पाठवायचं. तिथले जाणकार ते तपासतात, अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देतात आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून परत पाठवतात. वर चिठ्ठी, आकड्याची. मग बाजार त्या आकड्यावर चालतो. ज्या अंकात सुपरमॅन पहिल्यांदा आला, तो 'अॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक १९३८ मध्ये दहा सेंटला मिळायचा. २०२४ मध्ये त्याची एक प्रत ६० लाख डॉलरला गेली. गुण किती? साडेआठ. म्हणजे दहापैकी दहा तिथंही नाहीत. आमच्या वेळच्या बोर्डाच्या परीक्षकांसारखाच हात आखडता!

प्रतवारी वाईट आहे असं मी म्हणणार नाही. उलट ती हवीच. एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याकडून मी टपालानं तीन अंक मागवले होते. "उत्तम स्थिती" असं त्यानं फोनवर सांगितलं. आले तेव्हा एकाची मधली चार पानं गायब. पैसे परत मिळाले नाहीत. अशा वेळी "पिना मूळच्या, मधलं पान सुटलेलं, मागच्या कव्हरवर चिकटपट्टी, पानं पूर्ण" इतकं स्वच्छ लिहून देणारा माणूस मला देवासारखा वाटतो. दोष लिहून देणं म्हणजे समोरच्याचा मान राखणं. भाच्याच्या पिढीनं ही शिस्त आणली, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

दुसरं श्रेय जतनाचं. आपल्या भागात कागद टिकवणं सोपं नाही. ही कॉमिक्स छापलेली वर्तमानपत्रासारख्या स्वस्त कागदावर. त्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. ऊन आणि उष्णता लागली की ते पिवळं, मग तपकिरी होतं, आणि कागद पापडासारखा मोडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ वर. त्यानंतर लगेच धो धो पाऊस, दमट हवा, मग लोखंडी पिना गंजतात आणि गंज कागद खातो. उरलेलं वाळवी आणि कसर बघून घेतात. मी स्वतः काय करतो ते सांगतो. पत्र्याची ट्रंक, खाली विटा, अंक आडवे आणि वीसच्या वर थर नाही. कडूनिंबाचा वाळलेला पाला कापडाच्या पुरचुंडीत, अंकाला टेकू द्यायचा नाही. पावसाळा सरला की ऑक्टोबरात दोन दिवस सावलीत वारा द्यायचा, उन्हात कधीच नाही. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नये; आतली ओल आतच राहते. आणि चिकटपट्टी? हात जोडतो, ती लावू नका. पाच-दहा वर्षांत ती सुटते, डाग मात्र ठेवून जाते.

इथपर्यंत भाचा आणि मी एका बाकावर. पुढे मतभेद आहे.

पहिला मतभेद नावाबद्दल. कव्हरवर कुणा पोरानं शाईच्या पेनानं "इयत्ता सातवी ब" असं लिहिलं असेल तर प्रतवारीत गुण कापतात. बाजाराच्या दृष्टीनं बरोबर असेल. पण मराठी अंकाच्या बाबतीत ते नाव हाच पुरावा आहे. हा अंक कुठल्या गावात पोचला, कुठल्या वर्गातल्या मुलानं वाचला, किती हातांतून गेला, हे दुसरीकडे कुठं लिहिलेलं आहे? मूलला, सिंदेवाहीला, वडशाला छोट्या गाडीनं जाणारा अंक तिथल्या भाड्याच्या वाचनालयाचा शिक्का घेऊन परत येई. तो शिक्का मी दोष मानत नाही, तो त्या अंकाचा प्रवास आहे.

दुसरा मतभेद बांधणीचा. पुष्कळ घरांत दहा-बारा अंक एकत्र शिवून, कडा कापून, पुठ्ठ्याची बांधणी करत. संग्राहक म्हणतात, कडा कापल्या, किंमत गेली. काहीजण बांधणी उसवून अंक सुटे करून विकतात. मी तर म्हणतो, मराठी अंक जेवढे वाचले तेवढे बऱ्याच अंशी या बांधणीमुळेच वाचले. सुटा अंक हरवतो, जाड पुस्तक टिकतं. ज्या पुठ्ठ्यानं पन्नास वर्षं राखण केली तोच फाडायचा, हे मला पटत नाही.

तिसरा मतभेद सर्वांत मोठा. प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेलं कॉमिक वाचता येत नाही. वाचायचं तर पेटी फोडायची, आणि पेटी फोडली की गुण गेले. म्हणजे जे न वाचण्यानं मोठं होतं ते पुस्तक कसलं? आपल्याकडे ही पद्धत अजून फारशी रुजलेली नाही, पण वारं त्या दिशेनं आहे.

यावर भाचा एक प्रश्न विचारतो आणि तो खोटा नाही. तो म्हणतो, "मामा, किंमत नसती तर ही रद्दीत गेली असती. पैसा आला म्हणून लोक जपायला लागले." खरं आहे. मागच्या वर्षी आमच्याच गल्लीत एक गृहस्थ वारले. वनखात्यातली नोकरी, बदल्यांत सगळीकडे पुस्तकांची खोकी बरोबर. तेरावं झालं आणि मुलांनी खोकी किलोवर काढली. मला कळलं तोवर गाडी गेली होती. आपल्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कारखान्यात जाऊन कागद झाला, आणि आपल्याच घरातला छापलेला कागद असा लगद्याला परत जातो! त्या मुलांना कुणी "यातल्या एकेका अंकाला किंमत आहे" एवढं सांगितलं असतं तर खोकी वाचली असती. म्हणजे बाजार हा राखणदार आहे, हे मला मान्य.

पण राखणदार म्हणजे मालक नव्हे. सरकारी व्यवस्थेकडे बघावं तर १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या एकेका ग्रंथालयाला पाठवायची असते. कॉमिक मात्र धड पुस्तक नाही, धड वर्तमानपत्र नाही. गावोगावच्या वाचनालयांचीही अ, ब, क, ड अशी प्रतवारी होते, अनुदान त्यावर मिळतं. पण मुलांची जुनी चित्रमासिकं जपली म्हणून कुणाचा वर्ग वाढल्याचं मी ऐकलं नाही. तेव्हा मराठी कॉमिक जपणारा शेवटी घरचाच माणूस.

आणि जपायचं कुणासाठी? इथं मला भामरागडकडची माझी शाळा आठवते. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, आठ-आठ दिवस बाहेरचं जग नाही. वर्गातली पोरं माडिया बोलणारी, पाठ्यपुस्तकातली मराठी त्यांना परकी. मी इंद्रजालचे अंक वर्गात नेले. चित्र बघून पोरं गोष्ट आधी ओळखत, मग शब्दाला हात घालत. एक मुलगा वेताळाचं जंगल बराच वेळ न्याहाळून म्हणाला, "गुरुजी, या जंगलात मोहाचं झाड एकबी नाही." मी आजवर ऐकलेलं कॉमिकचं सर्वांत नेमकं परीक्षण हेच. मुखवटा घातलेला गोरा माणूस जंगलाचा रक्षक आणि तिथले लोक त्याचे आश्रित, ही त्या गोष्टीतली खोट एका जंगलातल्या पोरानं एका वाक्यात दाखवली. पण ती दाखवण्यासाठी त्याच्या हातात अंक उघडा असावा लागला. पेटीतल्या अंकाला त्यानं काय विचारलं असतं?

भाच्यानं अडीच गुण दिले तो अंक त्याच वर्गातला. तेलाचे डाग आहेत, कोपरे गेलेत, पण बत्तीसच्या बत्तीस पानं जागेवर.

तर माझं म्हणणं असं. प्रतवारी करा, पण प्रश्नांचा क्रम बदला. पहिला प्रश्न, गोष्ट पूर्ण आहे का? दुसरा, वाचता येते का? तिसरा, कुणाच्या हातून आली? आणि देखणेपणा चौथा. दोष प्रामाणिकपणे लिहा. अदलाबदल जरूर करा, ज्याचे दोन आहेत त्यानं एक द्यावा. विकायचं तर विका, घर चालवायला पैसा लागतो, त्यात कमीपणा नाही. पण मराठी अंकाची तुमच्याकडे एकच प्रत असेल तर ती बंद करू नका.

माझ्याकडे १४० च्या आसपास अंक आहेत. एकानं सगळ्यांचे मिळून बरे पैसे सांगितले होते, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला मोहात पाडतील इतके. मी नाही म्हटलं. जे दुबार आहेत ते भाच्याला, त्यानं अदलाबदलीला वापरावेत आणि त्या बदल्यात मराठीच आणावेत, ही अट. बाकीचे माझ्यामागे तालुक्याच्या एका वाचनालयात जातील, कपाटासह. कपाटाला काच असेल, पण कुलूप नसेल, असं त्यांच्या सचिवांकडून लिहून घेतलं आहे. घरच्या मंडळींनी हे वाचलं असेलच, म्हणजे पुढे वाद नको.

भाच्यानं हे फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, मुलं फाडतील." फाडतील थोडी. आम्हीही फाडली होती. शेवटचं पान तेवढं सांभाळा म्हणून मी कपाटावर चिठ्ठी लावणार आहे.