शेंगा चटणीचा व्हिसा

परदेशी निघालेल्या मराठी पोराच्या सूटकेसमध्ये तीन गोष्टी हमखास असतात. छोटा कुकर, सोलापुरी चादर आणि तीन-तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून वर चिकटपट्टी मारलेली शेंगा चटणी. (तेल सुटतं ना!) पोरगं तिकडे पोचतं, पहिल्या वीकेंडला रूममेट्स बरणीवर तुटून पडतात आणि कुणीतरी म्हणतंच, ‘यार, हे इथे विकायला पाहिजे!’

आयडिया एकदम झकास. फक्त सूटकेसमधली चटणी आणि दुकानाच्या शेल्फवरची चटणी यांत एक अख्खं कायद्याचं पुस्तक आहे.

हे पुस्तक मी अलीकडेच जवळून बघितलं, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. हा एरिया टॉवेल आणि चादरींचा. दिवसभर मागांची खडखड. तिथेच एका छोट्या शेडमध्ये माझा कॉलेजमधला एक मित्र चटणी करतो. पुण्यातली आयटीची नोकरी सोडून तो घरच्या धंद्यात परतलाय. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ. कांडप मशीनमध्ये तेल सुटेपर्यंत कुटायचं. रेसिपी संपली! आता न्यू जर्सीतल्या एका दुकानदाराला माल हवाय आणि लंडनमधूनही विचारणा आहे. साहेबांच्या टेबलावर मात्र नोटांऐवजी कागदांचा ढीग.

त्यातला सोपा भाग आधी. भारतातून आयईसी नंबर आणि एफएसएसएआयचं लायसन्स. अमेरिकेसाठी कारखान्याची एफडीएकडे नोंदणी, ती दर सम वर्षी रिन्यू करायची. तिकडे आपला एक एजंट नेमायचा. माल पोचण्याआधी आगाऊ सूचना द्यायची. शिवाय माल सेफ आहे याची खातरजमा करायची जबाबदारी तिथल्या आयातदारावर, त्यामुळे तो आपल्याला प्रश्न विचारून हैराण करणार. आणि हो, ‘एफडीए अप्रूव्ह्ड करून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर दोन हात लांब राहा. नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे.

मग लेबल. ‘शेंगा चटणी’ हे नाव आपल्याला पुरतं, तिकडच्या गिऱ्हाइकाला नाही. शेंगदाण्याच्या ॲलर्जीने माणूस जिवानिशी जाऊ शकतो. म्हणून अमेरिकेत पीनट हा शब्द स्पष्ट लिहावाच लागतो. युरोप आणि ब्रिटनमध्ये घटकांच्या यादीत तो ठळक दिसला पाहिजे. त्याच मशीनवर तिळाची चटणी कुटता? मग तिळाचा अंश इकडे येणार नाही याचीही काळजी घ्या. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळालाही मुख्य ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत घेतलंय.

इथपर्यंत ठीक. खरी गोची पुढे आहे, आणि ती कागदात नाही, दाण्यात आहे. तिचं नाव अफ्लाटॉक्सिन. पीक पाण्यावाचून ताणलं गेलं किंवा माल ओलसर गोदामात पडून राहिला, की शेंगदाण्यावर एक बुरशी वाढते आणि हे विष तयार करते. ते यकृताच्या कॅन्सरला कारण ठरतं. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. युरोपात थेट खायच्या शेंगदाण्यात त्याची मर्यादा आहे किलोमागे ४ मायक्रोग्रॅम. म्हणजे एक टन दाण्यात ४ मिलिग्रॅम! अमेरिकेची मर्यादा २०. म्हणजे ‘फॉरेन’ नावाचा एकच देश नसतो. न्यू जर्सीत पास झालेली चटणी पॅरिसमध्ये नापास होऊ शकते.

मित्राच्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, हे सगळं ऐकून वैताग आला होता. ‘चाळीस वर्षं लोक खायलेत. कुणाला काय झालं सांग की!’

मित्र म्हणाला, ‘अप्पा, हे लगेच होत नाही. वीस वर्षांनी कुणाचं लिव्हर गेलं, तर तो आपल्याकडे कशाला येईल सांगायला?’

अप्पा गप्प झाले. मीसुद्धा.

मग तिखट. २००५ साली ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले होते. कारण? एका वूस्टर सॉसमधल्या लाल तिखटात सुदान-१ हा रंग निघाला, आणि ते तिखट भारतातून गेलेलं होतं. तोच सॉस पुढे कितीतरी तयार पदार्थांत पडला होता. हा सुदान-१ कोण? तर अझो जातीचा रंग. आणि अझो हा शब्द टॉवेलच्या धंद्यात नवा नाही! जर्मनीने १९९४ साली कपड्यांतल्या ठरावीक अझो रंगांवर बंदीचा नियम केला, तेव्हा भारतातल्या एक्स्पोर्टवाल्यांना रंग बदलावे लागले. १९९७ मध्ये भारतानेही तसे रंग बंद केले. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकासाठी केलेला बदल शेवटी आपल्याही अंगाला लागणाऱ्या कपड्यात आला.

चटणीचंही असंच व्हावं, एवढंच माझं म्हणणं आहे. नियम जाचक आहेत, मान्य. टेस्टचा खर्च पन्नास किलोच्या बॅचलाही तेवढाच, पाच हजार किलोलाही तेवढाच. छोट्या माणसाचं कंबरडं मोडतं. अशा चार-पाच छोट्या उत्पादकांनी मिळून दाणे घेतले, एकत्र तपासले, तर गणित जमू शकतं. पण ‘गोऱ्यांचे नखरे’ म्हणून हे उडवून लावू नका. आपल्याकडेही खायला तयार दाण्यांसाठी मर्यादा आहे, किलोमागे १० मायक्रोग्रॅम. सुट्ट्या चटणीचा पुडा बांधून घेताना ती तपासली का, असं आपण कधी विचारतो?

मित्राने सध्या लंडनला ‘थांबा’ कळवलंय. आधी न्यू जर्सी. दाणे तो आता पोत्याने डोळे झाकून घेत नाही. सुरकुतलेले, काळपट, फुटके दाणे निवडायला दोन बायका बसवल्यात, कारण विष बहुतेक अशाच दाण्यांत दडलेलं असतं. प्रत्येक लॉटचा नमुना लॅबला जातो. भाव किलोमागे वाढला, तशी नेहमीची काही गिऱ्हाइकं कुरकुरली.

आणि सगळ्यात भारी गोष्ट? निवडलेले दाणे एक्स्पोर्टला आणि उरलेले सोलापूरला, असा हिशोब सहज करता आला असता. अप्पांनीच तो हाणून पाडला. ‘एकच घाणा काढायचा,’ म्हणाले. ‘आपली माणसं काय स्वस्तातली हायेत का?’