समुद्रावरचे दिवस कुणाच्या खात्यात?

‘मुलगा बोटीवर आहे’ या वाक्याला हल्ली अनेक मराठी घरांत ‘आणि कॅनडाचे पीआर करतोय’ अशी पुस्ती जोडली जाते; पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. जमिनीवरच्या नोकरदाराचे स्थलांतर म्हणजे घर आणि ऑफिस बदलणे. मर्चंट नेव्हीतल्या अधिकाऱ्यासाठी मात्र तो दिवसांचा हिशेब असतो. परदेशी कंपनीच्या बोटीवर काढलेला दिवस नव्या देशाच्या खात्यात सहसा जमा होत नाही. म्हणूनच देश बदलायचा विचार करणाऱ्या अधिकाऱ्याने आधी आपली नोकरी कुठली असेल ते ठरवायला हवे, अर्ज त्यानंतरचा.

सीडीसीची, म्हणजे नाविकाच्या सेवापुस्तिकेची, पाने उघडून पाहा. बोटीचे नाव, साइन ऑनची तारीख, साइन ऑफची तारीख, शिक्का. भारताचा प्राप्तिकर विभाग याच तारखांवरून अधिकारी किती दिवस देशाबाहेर होता ते मोजतो. कॅनडात हिशेब उलट्या बाजूने होतो, तिथल्या भूमीवर किती दिवस काढले याचा. पीआर टिकवायला 5 वर्षांत 730 दिवस लागतात, नागरिकत्वाला 1,095. वर्षातले 183 दिवस समुद्रावर काढणाऱ्याच्या हाती 5 वर्षांत 910 दिवस उरतात. म्हणजे पीआर टिकेल, पण त्यासाठी रजेचा बहुतेक काळ कॅनडातच घालवावा लागेल. आईवडिलांकडे, गणपतीला, लग्नकार्याला यायला वर्षाकाठी 36 दिवस, आणि त्यातच प्रवास, कोर्स, आजारपण. नागरिकत्व तर या वेळापत्रकात बसतच नाही. ‘बोटीवरच्या माणसाला सहा महिने सुट्टी असते, त्याला काय अडचण?’ असे विचारणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा करून पाहावी. निवडीच्या वेळचा अडथळा वेगळाच. फेडरल स्किल्ड वर्कर मार्गाला किमान एका वर्षाचा सलग, पगारी अनुभव लागतो. पण बहुतेक कंपन्यांत करार संपला की पगारही थांबतो आणि तो सलगपणा सिद्ध करणे अवघड होऊन बसते.

यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे तिथल्याच किनाऱ्यावर नोकरी धरायची: फेरीबोट, टग, किनारी मालवाहतूक. उपाय खरा आहे. 2022 साली ब्रिटिश कोलंबियात कर्मचारी कमी पडल्याने फेरीबोटींच्या फेऱ्या रद्द झाल्या होत्या, म्हणजे माणसांची गरजही खरी आहे. पण मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाने दिलेले सीओसी, म्हणजे सक्षमता प्रमाणपत्र, हातात असले म्हणजे दुसऱ्या देशाच्या बोटीच्या ब्रिजवर उभे राहता येते असे नाही. 1978 च्या एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय कराराने नाविकांच्या प्रशिक्षणाचा किमान दर्जा जगभर सारखा केला, परवाना मान्य करायचा की नाही हे मात्र ज्या देशाचा झेंडा त्याच्यावर सोडले. ब्रिटन अटी घालून समकक्ष प्रमाणपत्र देतो. अमेरिकन झेंड्याच्या बोटीवर अधिकारी अमेरिकन नागरिकच लागतो. चीफ ऑफिसर म्हणून उतरलेल्या माणसाला नव्या किनाऱ्यावर खालच्या हुद्द्यापासून सुरुवात करावी लागू शकते, हे घरच्यांना आधीच माहीत असायला हवे.

नागरिकत्व मागणाऱ्याने त्या देशात राहिलेच पाहिजे, हा आक्षेप रास्त आहे. वास्तव्याशिवाय आपलेपणा येत नाही, हे मलाही मान्य आहे. पण बोटीवरच्या अधिकाऱ्याची बायको-मुले तिथे, घर तिथे, मुलांची शाळा तिथे, त्यामुळे करासाठी तो तिथला रहिवासी ठरतो आणि जगभरच्या कमाईवर तिथे कर भरतो. कर घेताना जो आतला, तो नागरिकत्वाच्या वेळी बाहेरचा कसा? समुद्रावरचे दिवस मोजणे अशक्यही नाही. अमेरिकेच्या कायद्यात ग्रीन कार्डधारकाने ठरावीक अमेरिकन बोटींवर चांगल्या वर्तणुकीने केलेली सेवा अमेरिकेतलेच वास्तव्य मानली जाते. कॅनडाही पीआरपुरते कॅनेडियन कंपनीच्या पूर्णवेळ नोकरीतले बाहेरचे दिवस धरतो, नागरिकत्वासाठी मात्र नाही. ज्या देशांना अधिकारी हवे आहेत त्यांनी निदान आपल्या झेंड्याखालची सेवा तरी वास्तव्यात धरावी. कॅनडात नागरिकत्वासाठी आज तो नियम नाही. म्हणून सल्लागाराला पैसे देण्यापूर्वी सीडीसी आणि कॅलेंडर घेऊन घरच्यांसोबत बसा, पुढच्या 5 वर्षांतले समुद्रावरचे दिवस मोजा आणि मगच अर्ज भरा.